काका बॅप्टिस्टा : कायद्याचे अभ्यासक, विवेकाचे पाईक

दरवर्षी १८ सप्टेंबर हा दिवस येतो आणि आपल्यापैकी बहुतेकांच्या लक्षातही न येता निघून जातो. सन १९३० मध्ये याच दिवशी जोसेफ बॅप्टिस्टा यांनी आपली इहलोकीची यात्रा संपवली. अवघी मुंबई त्यांना प्रेमाने 'काका' म्हणत असे. माझगावच्या भंडारवाडा टेकडीवर त्यांच्या नावाचे उद्यान आहे. तेथून बंदर आणि गोदी दृष्टीस पडते. संध्याकाळी फिरावयास येणाऱ्या किती जणांना हे काका कोण, हे ठाऊक असेल? आणि हे नाव उत्तन गावाशी जोडलेले आहे, हे तरी आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे?

आज मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दीत मोडणारे समुद्रकाठचे उत्तन हे काकांच्या वडिलांचे मूळ गाव. उत्तन, डोंगरी, चौक, पाली, गोराई या पट्ट्यातील कोळी व शेतकरी ख्रिस्ती कुटुंबे पोटापाण्यासाठी मुंबईच्या आश्रयास जात असत. त्यांपैकीच एका घराण्याचा हा पुत्र पुढे मुंबई महापालिकेच्या सर्वोच्च आसनावर बसला.

आम्ही आज त्यांचे चरित्र सांगावयास घेतले आहे, त्यास एक विशेष कारण आहे. धर्मग्रामांत वावरताना दोन समजुती आमच्या कानी वारंवार पडतात. जे कायद्यात बसते ते करण्यास हरकत नाही, ही पहिली. आणि कायदा आड येत असेल तर एखादी पळवाट शोधावी, ही दुसरी. जमिनीचा व्यवहार असो, इमारतीचे बांधकाम असो वा घरकाम करणाऱ्या बाईचा पगार असो, या दोन समजुतींवर आपली कितीतरी वर्तणूक बेतलेली असते. काका बॅप्टिस्टा हे आयुष्यभर कायद्यात वावरलेले गृहस्थ होते. तरीही या दोन्हींपैकी एकही वाट त्यांनी धरली नाही. म्हणून त्यांच्याकडे पुन्हा एकवार पाहावे, असे आम्हांस वाटले.

माथारपाखाडी ते केंब्रिज

जोसेफ बॅप्टिस्टा यांचा जन्म १७ मार्च १८६४ रोजी माझगाव येथील माथारपाखाडीत झाला. अरुंद गल्ल्या, लाकडी जिने व सज्जे असलेली घरे आणि मध्यभागी पवित्र क्रूस, असे हे ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोकांचे जुने गावठाण आजही तग धरून आहे. माझगावच्या सेंट मेरीज शाळेत त्यांचे आरंभीचे शिक्षण झाले. पुढे ते पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात गेले आणि त्यानंतर इंग्लंडला जाऊन केंब्रिज येथे त्यांनी राज्यशास्त्राचा अभ्यास केला. बॅरिस्टर होऊन ते मायदेशी परतले.

इंग्लंडमधील वास्तव्यात एका गोष्टीने त्यांच्या मनाची पकड घेतली. आयर्लंडचे लोक त्या काळी स्वराज्य मागत होते. ते बहुसंख्येने कॅथलिक होते, आपल्या धर्मावर त्यांची गाढ निष्ठा होती आणि तरीही परकी सत्तेपुढे मान तुकविणे हा धर्माचाच भाग आहे, असे ते मानीत नव्हते. त्यांचा लढा मोठ्या अंशी पार्लमेंटमध्ये, युक्तिवादाने आणि मतदानाने चालला होता. बॅप्टिस्टांनी हा धडा पुरता गिरवला.

या धड्याचे महत्त्व कळण्यासाठी आपल्या समाजाची तत्कालीन स्थिती ध्यानी घ्यावी लागेल. सन १८८७ मध्ये मुंबई-साष्टी-वसई भागातील मूळच्या ख्रिस्ती लोकांनी 'ईस्ट इंडियन' हे नाव स्वीकारून आपली संघटना स्थापन केली. इंग्रजांच्या नोकऱ्यांत आपणांस योग्य स्थान मिळावे, हा त्यामागील एक प्रमुख हेतू होता. कचेऱ्या, रेल्वे आणि गोदी यांवर कितीतरी कुटुंबांची चूल पेटत असे. अशा समाजात राजनिष्ठा हा जणू एक अलिखित नियमच झाला होता. राज्यकर्त्यांच्या अधीन राहावे, या संत पौलाने रोमकरांस केलेल्या उपदेशाचा आधारही त्यासाठी दिला जाई. मात्र मनुष्यापेक्षा देवाची आज्ञा श्रेष्ठ मानून न्यायसभेपुढे ठामपणे उभे राहिलेले प्रेषितही त्याच नव्या करारात आहेत, याचा अनेकांना विसर पडे. काकांना तो पडला नाही.

न्यायालयातील कसोटी

सन १९०८ मध्ये 'केसरी'तील लेखांबद्दल लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरण्यात आला. टिळकांनी आपला बचाव स्वतःच केला, हे सर्वश्रुत आहे. त्यांच्या पाठीशी जे कायदेपंडित उभे होते, त्यांत बॅरिस्टर बॅप्टिस्टा होते. खटला विशेष ज्यूरीपुढे चालवावा, अशी सरकारची मागणी होती. तिला टिळकांच्या बाजूने बॅप्टिस्टांनी विरोध केला.

हा प्रश्न केवळ तांत्रिक नव्हता. ज्या लेखांवरून माणसाला शिक्षा व्हावयाची ते लेख मराठीत लिहिलेले. आणि निर्णय देणाऱ्यांत बहुसंख्य युरोपीय. नऊ जणांच्या ज्यूरीत सात युरोपीय व दोन पारशी होते. सातांनी टिळकांना दोषी ठरवले, दोघांनी निर्दोष. न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षांच्या हद्दपारीची शिक्षा फर्मावली. खटल्याचा प्रत्येक नियम पाळला गेला होता. ज्यूरी होती, भाषांतरे होती, साक्षी होत्या. तरीसुद्धा न्याय झाला, असे मुंबईच्या गिरणी कामगारांना वाटले नाही आणि त्यांनी सहा वर्षांच्या शिक्षेच्या निषेधार्थ सहा दिवस काम बंद ठेवले. पुढे स्वतंत्र भारतात, १९५६ साली, टिळकांनी शिक्षेपूर्वी काढलेले उद्गार त्याच उच्च न्यायालयात शिलालेखाच्या रूपाने बसविण्यात आले आणि मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्या हस्ते त्याचे अनावरण झाले. न्यायसंस्थेने आपल्याच जुन्या निकालासमोर आपल्याच भिंतीवर हा जबाब कोरून घेतला, असे म्हटले तरी चालेल.

नाशिक कटाच्या खटल्यात १९१० साली विनायक दामोदर सावरकर यांच्या बचावासाठीही बॅप्टिस्टा उभे राहिले. काका स्वतः सनदशीर मार्गाचे पुरस्कर्ते होते. तथापि आरोपीचा मार्ग वकिलास पसंत असो वा नसो, त्यास योग्य बचाव मिळालाच पाहिजे, हा न्यायाचा मूलभूत नियम आहे. तो नियम ज्यांच्यासाठी पाळणे सोपे असते त्यांच्यापुरताच पाळला, तर तो नियम कसला? सरकारची इतराजी ओढवून घेऊनही तो पाळणे, यातच त्याची कसोटी लागते.

स्वराज्य संघाचे अध्यक्षपद

मंडालेहून सुटून आल्यानंतर टिळकांनी १९१६ च्या एप्रिलमध्ये बेळगाव येथे होमरूल लीगची, म्हणजेच स्वराज्य संघाची स्थापना केली. तिच्या अध्यक्षपदी त्यांनी जोसेफ बॅप्टिस्टा यांना बसविले. चिटणीस झाले न. चिं. केळकर. ज्या समाजाची ओळख राजनिष्ठ म्हणून होती, त्यातील एक कॅथलिक गृहस्थ टिळकांच्या संघटनेचा पहिला अध्यक्ष झाला, ही घटना आपल्या इतिहासात सुवर्णाक्षरांनी लिहावी अशी आहे.

काकांनी स्वराज्याची मागणी सनदशीर चौकटीत राहून केली. सन १९१७ मध्ये ते इंग्लंडला गेले आणि तेथील मजूर पक्षाच्या पुढाऱ्यांपुढे त्यांनी हिंदुस्थानची बाजू मांडली. ज्या राष्ट्राने आपणांस कायद्याचे राज्य शिकविले असा त्याचा दावा होता, त्याच राष्ट्राच्या लोकांसमोर जाऊन तो कायदा सर्वांना सारखा आहे काय, असा प्रश्न विचारण्याची ही रीत होती. यात आततायीपणा नव्हता आणि लाचारीही नव्हती.

घामाचा दाम आणि कायद्याचे मौन

आमच्या दृष्टीने काकांच्या जीवनाचा सर्वांत मोलाचा अध्याय मात्र कामगारांचा आहे. गिरणीत राबणारा, टपाल वाटणारा, गोदीत ओझी वाहणारा माणूस त्यांना आपला वाटे. यातले कित्येक जण त्यांच्या माझगावच्या शेजारचेच होते.

त्या काळचा कायदा पाहा. सन १९११ च्या कारखाना कायद्याने कापड गिरण्यांतील पुरुष कामगारांसाठी दिवसाला बारा तासांची मर्यादा घातली होती. म्हणजे बारा तास राबविणारा मालक कायद्याचे पालन करणाराच ठरत होता. त्याच्या वहीत खोट काढता येत नसे. पण पहाटे काळोखात घर सोडणाऱ्या आणि काळोखातच परतणाऱ्या बापाचे तोंड त्याच्या मुलांना रविवारखेरीज दिसत नसेल, तर त्या कायद्याला नीतीने काय म्हणावे?

या प्रश्नाचे उत्तर ख्रिस्तसभेने आधीच देऊन ठेवले होते. पोप लिओ तेरावे यांनी १५ मे १८९१ रोजी 'रेरुम नोवारुम' हे परिपत्रक प्रसृत केले. मालक व मजूर यांनी स्वखुशीने केलेला करारसुद्धा अन्यायाचा असू शकतो. मजुराच्या निर्वाहास पुरेल एवढे वेतन हा निसर्गनियमाचा भाग आहे. आणि कामगारांना आपल्या संघटना उभारण्याचा अधिकार आहे, असे त्यात स्पष्टपणे प्रतिपादन केले होते. काकांचे कार्य या शिकवणुकीशी किती सुसंगत होते, हे वेगळे सांगावयास नको.

हिंदुस्थानातील कायदा मात्र मागे होता. मद्रासच्या बकिंगहॅम व कर्नाटिक गिरण्यांच्या तंट्यात १९२० साली कामगार संघटनेच्या पुढाऱ्यांवर कोर्टात दावा लावण्यात आला आणि उच्च न्यायालयाने त्यांच्याविरुद्ध मनाई हुकूम दिला. कामगारांना एकत्र आणणे म्हणजे त्यांना नोकरीचा करार मोडण्यास चिथावणे, असा अर्थ कायद्यातून निघत होता. याच वर्षी, ३१ ऑक्टोबर १९२० रोजी, मुंबईत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसची स्थापना झाली. लाला लजपतराय अध्यक्ष झाले आणि स्थापनेच्या आघाडीवर असलेल्यांत काका बॅप्टिस्टा होते. पुढील वर्षी दुसरे अधिवेशन झरिया येथे, कोळशाच्या खाणींच्या प्रदेशात भरले. त्याचे अध्यक्षपद काकांनी भूषविले. सन १९२४ मध्ये जिनिव्हा येथील आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेत ते हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून उपस्थित राहिले.

या काळात कायद्याची पाने एकामागून एक पालटत गेली. सन १९२२ मध्ये कारखान्यातील कामाची मर्यादा दिवसाला अकरा आणि आठवड्याला साठ तासांवर आली. सन १९२३ च्या खाण कायद्याने जमिनीवर आठवड्याला साठ व जमिनीखाली चोपन्न तासांची मर्यादा घालून तेरा वर्षांखालील मुलांना खाणीत कामास मज्जाव केला. त्याच वर्षी कामावर असताना जखमी वा मृत झालेल्या कामगारास भरपाई देणारा कायदा संमत झाला. अखेर १९२६ च्या कायद्याने कामगार संघटनांना मान्यता व संरक्षण मिळाले. हे श्रेय एकट्या काकांचे नव्हे. ना. म. जोशी आदी अनेकांचे परिश्रम त्यामागे होते. परंतु सहा वर्षांपूर्वी ज्या कृत्यासाठी माणसास कोर्टात खेचता येत होते, तेच कृत्य आता कायद्याने संरक्षिलेला हक्क झाले, हे लक्षात घ्यावे. त्या सहा वर्षांत योग्य-अयोग्य बदलले नव्हते. जे आधीपासूनच योग्य होते, तेथवर कायदा उशिरा येऊन पोहोचला एवढेच.

आणि कायदा सर्वत्र पोहोचतोच असे नाही. सन १९२४ मध्ये मुंबईच्या गिरणीमालकांनी कामगारांचा वार्षिक बोनस बंद केला, तेव्हा मोठा संप झाला. सरन्यायाधीश मॅक्लिऑड यांच्या समितीने निकाल दिला की, असा बोनस मागण्याचा बजावता येण्याजोगा हक्क कामगारांना सिद्ध करता आलेला नाही. कायद्याच्या भाषेत प्रश्न संपला. ज्या घरी सणासुदीची उधारी त्या बोनसवर फिटत होती, त्या घरी मात्र तो संपला नव्हता.

मतभेद आणि मर्यादा

काकांचे सर्वच निर्णय सर्वांना पटले, असे नाही. सन १९२० मध्ये महात्मा गांधींनी असहकाराची हाक दिली. न्यायालये, विधिमंडळे आणि सरकारी शाळा यांवर बहिष्कार घालावा, असा कार्यक्रम होता. टिळकांच्या तालमीत वाढलेल्या काकांना हा मार्ग मानवला नाही. जेथे आवाज उठविता येतो ते व्यासपीठ आपण होऊन सोडू नये, असा त्यांचा कल राहिला. यामुळे राष्ट्रीय चळवळीच्या मुख्य प्रवाहापासून ते काहीसे दूर पडले. इतिहासाने गांधीजींना कौल दिला, हे आम्ही प्रांजळपणे नमूद करतो. अन्यायी नियम जाणीवपूर्वक, प्रेमाने आणि शिक्षा स्वीकारून मोडणे हाही नीतीचा मार्ग आहे. काकांनी तो चोखाळला नाही. त्यांची ही मर्यादा लपविण्याचे आम्हांस कारण दिसत नाही. त्यांनी घेतलेला मार्ग हळू चालणारा होता. पण कामगाराच्या हाती त्याने काही ठोस दिले, हेही खरे.

सन १९२५ मध्ये ते मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले. आजच्या महापौरपदाचे ते त्या वेळचे नाव. त्याच वर्षी गिरणीमालकांनी वेतनात साडेअकरा टक्के कपात जाहीर केली आणि सुमारे दीड लाख कामगार संपावर गेले. नगराच्या प्रथम नागरिकाच्या आसनावर तेव्हा कामगारांचा काका बसलेला होता. त्यानंतर पाच वर्षांनी, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

आपल्या दारातील प्रश्न

चरित्र येथे संपते, परंतु आमचे काम संपत नाही. शब्बाथ दिवशी वाळलेल्या हाताच्या माणसाला प्रभूने सभास्थानात मधोमध उभे केले, तो प्रसंग आपण दरवर्षी उपासनेत ऐकतो. नियम पाळणारे तेथे पुष्कळ होते. त्या माणसाचा हात मात्र कोणाच्याही नियमात बसत नव्हता. प्रभूने शब्बाथ मोडीत काढला नाही. तो कशासाठी आहे, हे दाखवून दिले. काका बॅप्टिस्टांनी आपल्या परीने कायद्याच्या बाबतीत हेच केले. कायद्याचा आदर करीत असतानाच तो कोणासाठी आहे, हा प्रश्न त्यांनी कधी सोडला नाही.

हा प्रश्न आम्हांस स्वतःला एकदा फार टोचला होता, तो येथे सांगतो. तरुणपणी एका धर्मग्रामात सेवा करीत असताना वेदी मांडणारा, घंटा वाजविणारा, पावसाळ्यात छपरावर चढून कौले सारखी करणारा एक वयस्क सेवक आमच्या हाताखाली होता. त्याचा पगार आधीच्या धर्मगुरूंनी ठरविलेला होता आणि तो आम्ही तसाच पुढे चालविला. हिशेबाच्या वहीत काही चूक नव्हती. वार्षिक तपासणीत कोणी बोट ठेवले नाही. तो आजारी पडला, तेव्हा औषधासाठी त्याने आमच्याकडे उसने मागितले आणि मागताना त्याची मान खाली होती. त्या क्षणी आम्हांस कळले की, खाली जावयास हवी होती ती आमची मान. पगार आम्ही वाढविला, परंतु तो आधीच वाढवावयास हवा होता.

वाचकहो, मजुराची मजुरी अडवून ठेवणे हे स्वर्गाकडे आक्रोश करणाऱ्या पापांपैकी एक आहे, असे ख्रिस्तसभा परंपरेने शिकवीत आली आहे. संत याकोबाच्या पत्रातही शेतात राबलेल्यांच्या थकविलेल्या मजुरीचा उल्लेख येतो. आज आपल्या उत्तन-भाईंदर परिसरात मासेमारीच्या बोटींवर दूरदूरच्या प्रांतांतून आलेले खलाशी काम करतात. आपल्या सोसायट्यांच्या दारात रात्रपाळीचे रखवालदार बसलेले असतात. घराघरांत भांडी घासणाऱ्या भगिनी येतात. कायदे पुन्हा बदलले आहेत. नोव्हेंबर २०२५ मध्ये देशात चार नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आणि १९२६ चा जुना कायदाही त्यांत सामावला गेला. त्या संहितांचे गुणदोष तज्ज्ञ मंडळी सांगतील. परंतु घरकाम करणाऱ्या बाईला आठवड्यातून एक दिवस सुटी द्यावी, बोटीवर जखमी झालेल्या खलाशाचा दवाखान्याचा खर्च करावा, रखवालदाराला पगार ठरल्या तारखेस द्यावा, हे करण्यासाठी आपण कोणत्या राजपत्राची वाट पाहत आहोत?

येत्या १८ सप्टेंबरला आपल्या धर्मग्रामात काकांच्या आत्म्यास चिरशांती लाभावी म्हणून मिस्साबलिदान अर्पण व्हावे, अशी आमची नम्र सूचना आहे. त्याच दिवशी घरी परतल्यावर प्रत्येक कुटुंबाने एक कागद घ्यावा. आपल्याकडे कोण कोण कामास येते, त्यांना आपण काय देतो, शेवटची वाढ कधी केली आणि सुटी किती देतो, एवढे त्यावर लिहावे. धर्मग्रामांच्या कार्यालयांनी आणि आम्ही धर्मगुरूंनीही तो कागद भरावा. किंबहुना आरंभ आमच्यापासूनच व्हावा. तो कोणास दाखविण्याची आवश्यकता नाही. मिस्सात अर्पणाच्या वेळी तो फक्त आपल्या खिशात असावा.